न वाजलेला भोंगा

“माझ्या प्रोग्रॅमने माणूस मारला का, तेवढं सांगा ताई. मारला असेल तर मी स्वतः पोलिसांत जाते.”

पालघरच्या आपल्या खोलीवजा ऑफिसात खासगी गुप्तहेर पुष्पलता चुरीने समोरच्या मुलीकडे पाहिलं. मुलगी रडत नव्हती. रडून झालेलं दिसत होतं. हिना तामोरे, चिंचणीची. बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात रिॲक्टर होता, म्हणजे रंग शिजवायचं मोठं बंद भांडं. ते जास्त तापलं की हिनाचा प्रोग्रॅम भोंगा वाजवायचा. गेल्या आठवड्यात झाकण उडालं, जिवल्या नावाचा कामगार जागच्या जागी गेला, आणि भोंगा वाजलाच नाही.

“मालक म्हणतात, तुझ्या नव्या पद्धतीचा दोष,” हिना म्हणाली.

“कसली नवी पद्धत?”

“फंक्शनल प्रोग्रॅमिंग म्हणतात तिला. नेहमीचे प्रोग्रॅम आतल्या आत गोष्टी लक्षात ठेवतात, बदलत राहतात. माझ्यात तसं नाही. आत तोच आकडा आला की उत्तर तेच. आज, उद्या, कधीही.”

“म्हणजे माझ्या सासूसारखा मूड नाही!” आनंदा म्हणाला. आनंदा हा पुष्पलताचा मदतनीस. देवमाणूस, पण ट्यूब उशिरा पेटणारी, आणि विनोद नको तिथे.

“त्या दुपारी आकडे काय आले?”

“पंचवीस अंशांच्या आसपास, दुपारभर. मालक म्हणतात, खरे आकडे प्रोग्रॅमने खाल्ले. माझं हे पहिलंच काम, ताई. माझा भाऊ, सुजीतदादा, तिथे सुपरवायझर आहे. त्यानेच मालकांना गळ घातली होती.”

दुसऱ्या दिवशी पुष्पलता आणि आनंदा कारखान्यात गेले. एप्रिलचं ऊन, वर पत्रा. आनंदाचा शर्ट पाठीला चिकटला. भिंती, छत, पंखा, सगळ्यावर लाल रंग उडून वाळला होता. मालक विपुल शहा नाकाला रुमाल लावून दारातच थांबले.

“कॉलेजातली थेरं कारखान्यात चालत नाहीत, मॅडम. मी त्या दिवशी वापीला होतो, नाहीतर मीही गेलो असतो.”

रिॲक्टरच्या पायाशी, वायरीला जोडलेली, तापमान मोजायची सळई पडली होती. पुष्पलताने ती उचलून उलटसुलट पाहिली. चकचकीत होती. शेजारी फुटलेल्या माठाच्या खापऱ्या होत्या.

“पिण्याच्या पाण्याचा माठ इथे, रिॲक्टरजवळ?”

“दाराशी असतो. पोरं कुठेही ठेवतात.”

पुष्पलताने टपरीवरून उकळतं पाणी मागवलं आणि सळई त्यात बुडवली. भोंगा असा किंचाळला की शेजारच्या शेडमधले कामगार धावत रस्त्यावर आले.

“बघा, आता चालतोय!” विपुल म्हणाले. “त्या दिवशी झोपला होता!”

“ज्याला कालचं काही आठवतच नाही, तो त्या दिवशी एक आणि आज दुसरं कसं सांगेल, शहासाहेब?”

तिथून दोघं जिवल्याच्या गावी, सालवडला गेले. जिवल्याची बायको नवसी त्याच शेडमध्ये झाडू मारायची. ती उंबऱ्यात बसून होती. बोलताना कुणाकडेच बघत नव्हती.

“आदल्या दिवशी भोंगा सारखा वाजं. वाजला का पळायचा, एवढाच त्याला शिकवलेला. त्या दिवशी नाय वाजला. भांडा थरथरत होता, तरी हा उभाच. बोलला, भोंगा कुठं वाजलाय?”

आनंदाने मान खाली घातली.

“पाणी प्यायला माठाकडे कोण गेलं होतं?” पुष्पलताने हळूच विचारलं.

“कोण नाय. सुजीतभाऊ बोलले, माठात पाल पडलीय, हात लावू नका. मी बोलले, ओतून टाकते. बोलले, राहू दे.”

चिंचणीला तामोऱ्यांच्या घरी पोचले तेव्हा सुजीत पडवीत बसला होता. हिनाही होती. आत माई, त्यांची आई, चुलीपाशी होती.

“ताई, सापडला का दोष?” सुजीतनेच विचारलं. “मशीनच जुनं हाय, मी पोलिसांना पण तेच बोललो.”

“प्रोग्रॅममध्ये दोष नाही. गरम आकडा दिला, भोंगा वाजला. मग त्या दिवशी त्याला गरम आकडा मिळालाच नाही. शेड रंगाने माखलेली आणि सळई कोरी, म्हणजे स्फोटाच्या वेळी ती रिॲक्टरमध्ये नव्हती.”

“बाहेर लोंबत असेल,” आनंदा म्हणाला.

“बाहेरच्या हवेत तुझा शर्ट भिजला. पंचवीस कुठे राहणार? त्या शेडमध्ये दुपारभर गार राहील अशी एकच वस्तू होती. माठ. सळई त्यातच बुडवलेली होती.”

आनंदाची ट्यूब पेटली आणि त्याने कपाळावर हात मारला.

“पाल पडली तर माणूस आधी पाणी ओततो,” पुष्पलता म्हणाली. “ज्याला ते पाणी हवं असतं, तोच म्हणतो राहू दे. हो ना सुजीत?”

हिना भावाकडे बघत राहिली. “दादा?”

सुजीतच्या तोंडून आधी नुसता हुंदका आला. “सारखा वाजत होता गं तो! मला वाटला, तुझाच कायतरी चुकलाय. मालकाला कळला असता तर पहिल्याच कामाला तुला हाकलला असता. बोललो, एवढी एक दुपार गप करू, रात्री तुला विचारू. आमी कुठं कॉलेजात गेलो? मला वाटला, तू चुकलीस.”

“मी चुकले नव्हते. भांडं खरंच तापत होतं. तो जीव तोडून सांगत होता, दादा!” हिनाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. “एक फोन करायचा होतास.”

“तुझा नाव जाऊ नये म्हणून केला गं.”

“माहीत आहे. म्हणूनच सहन होत नाही.”

पुष्पलता उठली. “हिना, काम तू दिलंस. मला कळलं ते मी शहासाहेबांना अजून सांगितलेलं नाही.”

हिनाने डोळे पुसले. सुजीत तिच्याकडे बघत होता. लहानपणी मार चुकवायला आईकडे बघावं तसा.

“जिवल्या भोंग्याची वाट बघत उभा राहिला, ताई,” ती म्हणाली. “नवसीने आयुष्यभर मलाच शिव्या द्यायच्या का? आणि दिल्या तरी दादाला झोप लागेल का? पोलिसांत चल, दादा. मी येते तुझ्याबरोबर.”

सुजीत उठला. हिनाने त्याचा दंड धरला.

आतून माईने हाक मारली, “कुठं निघाले रे सगळे? बोंबील तळले हाय, पाव्हण्यांना पण बसवा. पानं घेते.”

“आई, आमी जाऊन येतो,” हिना म्हणाली. “दादाचं झाकून ठेव.”