उकंडरावांचं बारसं

१९९७ साली वर्ध्याच्या एका साप्ताहिकाच्या दिवाळी अंकासाठी मी एका नावावर लेख लिहीत होतो. मी नालवाडीत राहायचो, शाळेत मराठी शिकवायचो. नाव निवडलं होतं उकंडा. आमच्या भागात उकिरड्याला उकंडा म्हणतात. ज्या घरात मुलं जगत नसत, तिथे नवं मूल जन्मलं की त्याला उकंड्यावर लोळवायचे आणि तेच नाव ठेवायचे. मरणाला किळस यावी, त्यानं हात लावू नये, एवढाच हेतू.

या नावाची नामांकित माणसं शोधताना हिंगणघाटचा एक पहिलवान सापडला, देवळीचा एक मृदंग वाजवणारा सापडला. तिसरे तळेगावचे उकंडराव. तरुणपणी पटकीच्या साथीत त्यांनी एकट्यानं चाळीस प्रेतं उचलली होती आणि त्यांना साधी उलटीही झाली नव्हती. ते अजून हयात आहेत असं कळलं. वय शंभराच्या पुढे.

नावांवर लिहिणारा मास्तर येतोय असा निरोप धाडून रविवारी दुपारी मी तळेगावला गेलो. दारात त्यांची म्हातारी सून, अनुसयाबाई, गूळ फोडत बसली होती. गुळावर माश्यांचा थर होता.

"जा आत," ती म्हणाली. "पन जेवून आले असान तं नका जाऊ."

खोली झाडलेली होती, उजेडाची होती. खाटेवर उकंडराव कुशीवर पडले होते. खालची चादर पिवळी, ओली. पाठीच्या जखमेतून बरगडी दिसत होती आणि तिच्याभोवतीचं मांस शिजलेल्या वांग्यासारखं सुटलं होतं. वास मात्र नव्हता. एकही माशी नव्हती. तरी ओकारीआधी सुटतं तसं माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

"दोन वर्स झाले, पोटात अन्न नाई," अनुसयाबाई उंबरठ्यावरूनच बोलली. "डॉक्टर म्हनते, नाडी चांगली हाय."

म्हाताऱ्यानं डोळे उघडले. "नावाचे जानकार मास्तर तुमीच काय?"

"हो."

"मले दुसरं नाव द्या."

"काऊन, बुवा?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"मायनं मरनाले माही किळस आनली. थे किळस अजून गेली नाई. माहे पोरं नेले त्यानं, नातू नेला. मले पाहते अन् दारातून वापस जाते."

मला फक्त बाहेर पडायचं होतं. "बरं," मी म्हणालो, "आजपासून तुमचं नाव प्रभाकर."

"असं नाई. बारशावानी. कानात सांगा."

मी वाकलो. कानाची पाळी झडून गेली होती आणि भोकात काहीतरी घट्ट, पिवळं साचलं होतं. श्वास रोखून मी नाव उच्चारलं. ओठ त्या चिकटाला लागले.

"अन् जुनं?" त्यांनी माझं मनगट धरलं. "थे कुठं ठेवू?"

"द्या इकडे. मी घेऊन जातो."

लहान मुलाची समजूत काढावी तसा मी बोललो होतो.

ते हसले.

मागे अनुसयाबाई उंबरठ्यावरून बाजूला सरली, कुणाला वाट द्यावी तशी. दारात कुणी नव्हतं.

मनगटावरची पकड सुटली.

मग गुळावरच्या माश्या आत आल्या. सगळ्या.

मी एसटी स्टँडच्या नळावर तोंड धूत राहिलो, ओठ सोलवटेपर्यंत. तो लेख मी लिहिला नाही.

२००४ च्या मे महिन्यात आमची जीप कारंज्याजवळ हायवेवर ट्रकखाली गेली. भर दुपार होती. आठांपैकी सात जण जागच्या जागी गेले. मला खरचटलंही नव्हतं. ढाब्यावरून एक माणूस धावत आला. तो त्या सातांच्या रक्तातून, तुटलेल्या हातापायांतून वाट काढत माझ्यापर्यंत पोचला, तेव्हा त्याचा चेहरा स्थिर होता. त्यानं मला ओढून काढायला हात धरला.

लगेच सोडला. रस्त्याच्या कडेला जाऊन तो ओकला, आणि मग बराच वेळ, माझ्याकडे न बघता, लुंगीला हात पुसत राहिला.