मोलोकिनीची मागची भिंत

सकाळी सातला बोट हवाईतल्या माउई बेटाच्या किनाऱ्यावरून निघाली, तेव्हाच कांचन परुळेकरचं डोकं फिरलेलं होतं. वय अठ्ठावन्न. फ्रीमाँटमध्ये वीस वर्षं फार्मसिस्ट, आणि गेल्या बारा वर्षांत एकशे चाळीस स्कूबा डाइव्ह. तरी फॉर्मवरचं वय पाहून कॅप्टनने डॉक्टरांचं पत्र मागितलं. तिने ते दिलं. ते वाचूनही त्याने गाइडला बाजूला घेऊन सांगितलं, हिच्यावर लक्ष ठेव. तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

गाइड होती इला, न्यू जर्सीत वाढलेली, पंचविशीतली.

"काकू, तुम्ही माझ्या जवळ राहा, ओके? मागच्या साइडला करंट स्ट्राँग असतो."

"करंट मला कळतो," कांचन म्हणाली. "मला कुणी धरायचं नाही. सांगून ठेवते."

"नाही धरणार. प्रॉमिस."

मोलोकिनी म्हणजे समुद्रात अर्धं बुडालेलं ज्वालामुखीचं तोंड. वर दिसते ती नुसती चंद्रकोरीसारखी कड. आतल्या बाजूला पाणी उथळ, शांत. बाहेरच्या बाजूला काळा खडक सरळ तीनशे फूट खाली उतरतो. तिथे फारसं पोहायचं नसतं. प्रवाहात अंग सोडून द्यायचं, भिंत आपोआप शेजारून सरकत जाते, आणि शेवटी बोट येऊन उचलून घेते.

इलासकट सहा जण उतरले. साठ फुटांवर पाणी निळंशार होतं. खडकाच्या खाचांत पिवळे मासे होते, कपारीखाली काळ्या पोवळ्याची झुडपं. कांचनचा राग निवळायला लागला होता. तेवढ्यात मागून कुणीतरी तिच्या पाठीवरच्या हवेच्या टाकीचा पट्टा धरला.

रस्ता ओलांडताना म्हाताऱ्या माणसाला धरतात, तसा.

तिने खांदा झटकला. पकड सुटली नाही, उलट किंचित घट्ट झाली. मान वळवून पाहावं तर टाकी आड येत होती. बाकीचे प्रवाहाबरोबर पुढे निघाले होते, आणि ती त्यांच्या मागे हळूहळू, दुसऱ्या कुणाच्या तरी मर्जीने सरकत होती. इतक्या वर्षांत असा अपमान तिचा कुणी केला नव्हता. वर गेल्यावर काय सुनवायचं, ते ती मनात जुळवत राहिली. वर येताना पंधरा फुटांवर तीन मिनिटं थांबावं लागतं, तिथेही ती पकड होती. डोकं पाण्याबाहेर आलं तेव्हाच सुटली.

"शब्द दिला होतास ना?" बोटीवर चढून मास्क काढता काढताच तिने इलाला विचारलं. "मग सगळा वेळ पट्टा का धरून ठेवलास?"

"मी? काकू, मी तर फ्रंटला होते. माझे ऑरेंज फिन्स दिसले नाहीत?"

दिसले होते. तिच्या पायांतले ते नारिंगी पंख, पूर्ण वेळ, समोर, लांबवर. ते आठवून कांचन जास्तच भडकली.

"मग दुसरं कुणीतरी. ही चेष्टा नाहीये."

बेलव्ह्यूहून नवऱ्याबरोबर आलेली वीणा जरा अडखळत बोलली. "तुम्ही मागे पडलात म्हणून मी वळून पाहिलं होतं. एकट्याच होतात, काकू. फक्त... एवढ्या करंटमध्ये तुम्ही इतक्या सावकाश कशा, ते मला कळेना."

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

कॅप्टनने इंजिनच्या किल्लीला हात लावला आणि तसाच थांबला.

"अजून कोण खाली आहे?" त्याने इंग्रजीत विचारलं.

इलाने मोजले. सहा. पुन्हा मोजले. सहा.

कॅप्टनने बोटीच्या डाव्या कडेकडे बोट दाखवलं. कांचन बसली होती, बरोबर त्या बाकाखाली पाण्यातून बुडबुडे येत होते. थोडे यायचे, खंड पडायचा, परत यायचे. कुणीतरी सावकाश श्वास सोडत असल्यासारखे.

बोट प्रवाहाबरोबर वाहत होती. बुडबुडे मागे पडत नव्हते.

कांचन उठली आणि उजवीकडच्या बाकावर जाऊन बसली.

वीणा डावीकडे वाकून बघत राहिली. "थांबले," ती म्हणाली.

कॅप्टनने परत किल्लीला हात घातला.

इला कांचनशेजारी उभी होती. तिने उजव्या कठड्यावरून कांचनच्या बाकाखालच्या पाण्यात पाहिलं, आणि त्याला मानेनेच नको म्हणून सांगितलं.