सोमवारची आणि गुरुवारची मोजणी

आमची पहिली भेट भांडणानंच झाली. तो माझ्या मायक्रोस्कोपसमोर, माझ्या खुर्चीत बसला होता.

"ही खुर्ची माझी आहे."

त्यानं मान वर केली, जरा पाहिलं… "रागावल्यावर कुणी इतकं छान दिसत असेल, तर उठायलाच हवं."

मेला! पण त्या दिवशी मी आरशात दोनदा पाहिलं.

वय वाढतं तशी पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी का मोठी होते आणि मूल होण्याची ताकद का ओसरते, यावर आमचं संशोधन. प्रत्येक नमुन्यातले शुक्राणू दोघांनी वेगवेगळे मोजायचे, आणि मोजणी संपेपर्यंत त्या दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, असा नियम. ते दोघं म्हणजे तो आणि मी. दिवसभर पाठीला पाठ लावून मुकाट काउंटर दाबायचा… आणि संध्याकाळी पाचला तो वळून हसायचा. त्या हसण्यावर माझा अख्खा दिवस निघायचा.

पण सोमवारी आकडेवाली यायची. आमचे आकडे ताडून बघणारी, उंच, देखणी — आणि तिच्याशी बोलायला त्याला कुठलाच नियम आड येत नव्हता! दोघं कोपऱ्यात खुसुखुसु हसत. माझा नुसता जळफळाट व्हायचा. इकडे मी कुणा आजोबांचे शुक्राणू मोजतेय, एकशे बारा, एकशे तेरा, आणि तिकडून ते हसू… एकशे किती?

एका सोमवारी दुपारी तिनं दोघांनाही बोलावलं.

"तुमच्या आकड्यांचा मेळ बसत नाहीये. एकाला मोजणी सोडावी लागेल."

खुर्ची गेली की पाचचं हसूही गेलं.

"तुमच्या प्रमुख मॅडमनी सगळं परत मोजलं," तिनं कागद पुढे केला. "सोमवारी हिचं चुकतं. गुरुवारी ह्याचं."

गुरुवारी?

"कधीची विचारतेय ह्याला, गुरुवारी होतं काय? नुसता लाजतो. म्हणून तर हसते मी."

तो कान खाजवत राहिला. "गुरुवारी… ते मूत्रविकाराचे डॉक्टर नमुने द्यायला येतात. दोन मिनिटांचं काम. आणि हिच्याशी अर्धा तास बोलतात." मग एकदम, "मला नाही सहन होत!"

"आणि सोमवारी काय होतं गं?" तिनं मला विचारलं.

"सोमवारी… तुम्ही येता." बोलून गेले आणि कानशिलं तापली.

तो उठलाच. "मी सोडतो मोजणी. मग दिवसभर हिच्याशी बोलता तरी येईल."

"चालेल," ती म्हणाली. "तुझ्या जागी डॉक्टर बसतील. कधीचे मागे लागलेत या जागेसाठी."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता.

"राहू दे, मीच उठते," मी म्हणाले. "माझ्या जागी तुम्ही बसा."

"रोज? ह्याच्या पाठीला पाठ लावून?" तिनं भुवई उडवली.

"रोज. पण… मोजताना बोलायचं नाही हं. नियम आहे तो."

घड्याळात जेमतेम एक वाजला होता. तो माझ्याकडे वळला आणि हसला, पाचची वाट न बघता.