आटलेल्या समुद्राचा अंदाज

"हनुवटी इथे टेकवा. कपाळ पुढे... अजून थोडं. घाबरू नका, हे यंत्र चावत नाही."

हे वाक्य ती दिवसातून कितीतरी वेळा म्हणायची आणि त्यावर कोणी हसत नसे. चष्म्याच्या दुकानामागच्या त्या अंधाऱ्या खोलीत लोक डोळे तपासून घ्यायला येतात, विनोद ऐकायला नाही. पण त्या दिवशी समोरचा तरुण हसला, आणि हसता हसता त्याची हनुवटी यंत्रावरून घसरली.

"सॉरी," तो म्हणाला. "पुन्हा टेकवू?"

"टेकवावीच लागेल. डोळे इतके लाल का? झोपत नाही वाटतं?"

"झोपतो की. काम जरा... बारीक आहे."

"घड्याळं दुरुस्त करता?"

"नाही."

"दागिने घडवता?"

"छे—"

"मग काय, मुंग्यांना मोजे विणता?"

"जवळपास तसंच," तो म्हणाला. त्याच्या बोटांना शाई लागली होती, धुऊनही न गेलेली. तिने नंबर काढून दिला, डोळ्यांना विश्रांती द्या म्हणून दटावलं, आणि तो निघाला. दारात त्याने एकदा वळून पाहिलं. आपण ते पाहिलंच नाही, असं तिने स्वतःला बजावलं आणि पुढच्या आजोबांना आत बोलावलं.

एवढ्यावर संपलं असतं, तर ही गोष्ट सांगायला मी बसलेच नसते. पण शनिवारी संध्याकाळी ती नेहमीप्रमाणे खेळांच्या दुकानात गेली, तर खिडकीजवळच्या खुर्चीत तोच! नव्या चष्म्यात, अवघडून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेला.

हे दुकान मामांचं. मामा कोणाचेही मामा नव्हते, पण सगळे त्यांना तसंच म्हणत आणि तेही भाच्यांना ओरडावं तसं सगळ्यांना ओरडत. दुकानात एक लांबलचक टेबल होतं. त्याभोवती मोठी, नोकरीधंद्याची माणसं बसत आणि तासन् तास एक गोष्ट खेळत. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगायचा, बाकीचे त्यातली पात्रं व्हायचे, आणि कोण जगलं कोण बुडालं ते फासे ठरवायचे. दर काही वर्षांनी या खेळात एखादा नवा देश येई. त्याचे नकाशे, त्याची माणसं, त्याचं जाडजूड पुस्तक. आणि तो देश जाहीर होईपर्यंत तो कसा असेल याच्या अंदाजांना नुसता ऊत यायचा.

या वेळी प्रकाशकांनी फक्त तीन चित्रं दाखवली होती. झाडाला टांगलेला जहाजाचा नांगर, मिठाचे खडे चिकटलेली किल्ली, आणि उंच मनोऱ्यावर जळणारा दिवा. बस्स. त्या तीन चित्रांवर टेबलाभोवतीच्या एका वकीलसाहेबांनी भुतांचं बंदर उभं केलं होतं. कोणी चाच्यांचं राज्य म्हणे, कोणी बुडालेली राजधानी.

"समुद्र आटलाय," ती म्हणाली.

टेबलावर हशा पिकला. तिचा आजवरचा एकही अंदाज खरा ठरला नव्हता. बर्फाचा देश म्हणाली तेव्हा वाळवंट आलं, वाळवंट म्हणाली तेव्हा जंगल. म्हणूनच तर तिला सगळे 'भाकितबाई' म्हणत. ती हसून घ्यायची खरी, पण ते नाव तिला आत कुठेतरी टोचायचं. एकदा, फक्त एकदाच तिला बरोबर ठरायचं होतं.

"ऐका तर! समुद्र आटलाय आणि जहाजं तळाशी टेकलीत. लोक त्याच जहाजांत राहतात, डेकवर भाज्या लावतात. जिथे मासे पोहायचे तिथून बाजाराला जातात. आणि दीपगृहातला दिवा अजून रोज लावतात... न जाणो, समुद्र परत आला तर त्याला वाट दिसावी म्हणून."

बोलता बोलता ती स्वतःच त्या मिठाने पांढऱ्याशुभ्र झालेल्या तळावर जाऊन पोचली होती.

"शक्यच नाही," खिडकीजवळून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. तो कानांपर्यंत लाल झाला होता.

"का हो?" तिने विचारलं. "तुमचं काय घोडं मारलं माझ्या समुद्राने?"

"नाही, म्हणजे... चाच्यांचं राज्य जास्त पटतं."

मग दर शनिवारी हेच. वकीलसाहेबांच्या भुतांना तो मान डोलवायचा आणि हिच्या समुद्राला तेवढ्याच तत्परतेने 'छे' म्हणायचा. मामांनी त्याचं नावच 'नकारघंटा' ठेवलं. दुकान बंद झालं की दोघं भांडत भांडत रस्त्याला लागायची. कोपऱ्यावर तिची वाट एकीकडे, त्याची दुसरीकडे, आणि त्या कोपऱ्यावर उभं राहून आणखी एक भांडण व्हायचं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"दिवा लावायला रोज कोण चढतं वर?" तो विचारायचा.

"एक मुलगी चढते."

"एकटीच?"

"सध्या तरी एकटीच," ती म्हणायची आणि मग उगाचच घड्याळात बघायची.

घरी तिच्या वहिनीने तिसऱ्यांदा मीठ मागितलं, तेव्हा हिने मिठाच्या डब्याकडे बघत असा काही उसासा टाकला की वहिनीने हातातला चमचा खाली ठेवला.

"कोण आहे गं तो?"

"कोण? कोणी नाही. मी समुद्राचा विचार करत होते."

"हो का? मग तुझ्या त्या समुद्राला एकदा घरी घेऊन ये. तुझ्या दादाला मी सांभाळते."

घोषणेला आठवडा राहिला असताना तो पुन्हा डोळे तपासायला आला. चष्मा टोचतोय म्हणाला. चष्मा काही टोचत नव्हता, हे तिला हात लावताच कळलं. पण तिने दिवा मंद केला, त्याची हनुवटी यंत्रावर टेकवली, आणि पलीकडून त्याच्या डोळ्यांत पाहू लागली. इतक्या जवळून... कामच होतं ते तिचं.

"हलू नकोस. मी काल नवीन शोध लावला. त्या मिठावरून व्यापारी बैलगाड्यांचे तांडे नेतात."

"बैल? गवताचं पातं नाही तिथे, बैल खातील काय! शिडाच्या गाड्या आहेत त्या. दिवसभर पश्चिमेच्या वाऱ्यावर चालतात, आणि संध्याकाळी वारा पडला की आहेत तिथेच थांबून लोक—"

तो थांबला.

खोलीत यंत्राचा बारीक गुणगुणाट तेवढा राहिला. समोरच्या भिंगात त्याची बाहुली हळूहळू मोठी, काळीभोर होत गेली. तोंडाने हजारदा 'छे' म्हणता येतं. डोळ्यांना ते जमत नाही, आणि हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

"मुंग्यांचे मोजे..." ती हळूच म्हणाली. "तू नकाशे काढतोस. त्या देशाचे."

त्याने हनुवटी उचलली आणि चेहरा ओंजळीत झाकला. तिची चूक कानावर पडली आणि त्याच्याने राहवलं नाही. आपल्या देशाबद्दल कोणी चुकीचं बोललं की माणूस असाच फसतो.

"वर्षभर एकटाच तिथे राहत होतो गं," तो म्हणाला. "खोलीत मी आणि तो पांढरा तळ. एकदा वाटलं, तिथे यायला आसुसलेली माणसं कशी दिसतात ते बघावं, म्हणून मामांकडे आलो. तर तू... माझ्या समोर बसून माझाच देश सांगायला लागलीस. मी दिव्याचं कारण कोणाला सांगितलं नव्हतं. ते तुला कसं सुचलं?"

"मला काय माहीत! सुचलं."

"घोषणेआधी कुठे फुटलं आणि मी तुझ्याच टेबलावर बसतो हे कळलं, तर मीच फोडलं, करार मोडला म्हणतील. हे काम जाईल आणि पुढचंही कोणी देणार नाही." मग तो उठला. "पण मी तुला गप्प बस म्हणणार नाही. तुझं तू शोधलंस. शनिवारी हक्काने सांग."

तो गेल्यावर ती अंधारातच बसून राहिली. पहिल्यांदाच बरोबर ठरली होती! छाती फुटेल एवढा आनंद झाला होता, आणि त्याच छातीत धस्सही झालं होतं.

मामांच्या दुकानाची एक रीत होती. घोषणेच्या संध्याकाळी प्रत्येकाने उभं राहून आपला शेवटचा अंदाज सांगायचा. मामा तो फोनवरून थेट जगभरच्या खेळाडूंना ऐकवत. एकदा तोंडातून निघालेला अंदाज बदलायची सोय नव्हती. ज्याचा खरा ठरेल, तो नव्या देशातल्या पहिल्या खेळाचा सूत्रधार. टेबलाच्या टोकाची ती उंच पाठीची खुर्ची त्याची.

शनिवारी बाहेर धुकं उतरलं होतं. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. वकीलसाहेब आपली भुतं सांगून बसले.

"चला भाकितबाई," मामा फोन धरून म्हणाले. "तुमचा तो समुद्र येऊ द्या एकदाचा."

ती उभी राहिली. टोकाची खुर्ची समोरच होती. तिथे बसून ती काय काय सांगू शकली असती! शिडाच्या गाड्या, पडलेला वारा, दिवा लावणारी मुलगी... शब्द ओठांवर आले होते. इतक्यात दार उघडलं आणि तो आत आला. धापा टाकत, चष्म्यावर धुकं घेऊन. काहीतरी सांगायला त्याने हात वर केला.

"ढगांतली बेटं," ती म्हणाली.

"काय?" मामांचा फोन खाली आला. "आणि समुद्र?"

"समुद्र कुठे आटतो का मामा! ढगांत तरंगणारी बेटं. हाच माझा शेवटचा अंदाज."

टेबल हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. नकारघंटेचा हात तसाच वर राहिला.

थोड्या वेळाने पडद्यावर घोषणा झाली. पांढराशुभ्र तळ, वाकडी उभी जहाजं, आणि बारीक, अतिशय बारीक रेषांनी काढलेला नकाशा. मामा "अगं!" म्हणून ओरडले. वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. "महिनोन् महिने घोकलंस आणि ऐन वेळी शेपूट घातलीस?" नकाशा बघताना तिचे डोळे भरून आले होते, आणि ते हरल्यामुळे आहेत असं सगळ्यांना वाटलं. बरंच झालं.

ती बाहेर पायरीवर येऊन बसली. मागोमाग तो आला.

"असं का केलंस?"

"लोकांना हसवायला."

"खरं सांग."

"तुझं काम गेलं असतं ना!" ती एकदम म्हणाली. "तो देश तुझ्या हातून जायला नको होता. मला एकदा बरोबर ठरायचं होतं, खूप ठरायचं होतं. पण उभी राहिले आणि कळलं की त्या खुर्चीपेक्षा तूच मला जास्त हवा आहेस. झालं समाधान?"

त्याने धुकं साचलेला चष्मा काढला आणि तो इतका सावकाश पुसला की तिला पायरीसकट धुक्यात विरघळून जावंसं वाटलं.

"मी परवाच प्रकाशकांना सगळं सांगून टाकलं होतं," तो शेवटी म्हणाला. "की माझी जीभ घसरली, एकीला कळलंय, काढायचं तर मला काढा, पण तिला बोलू द्या. आज त्यांचं उत्तर आलं. म्हणे, देश तिने आधीच ओळखला होता ना? मग खुशाल बोलू दे. पुढच्या वेळी तू तेवढी जीभ सांभाळ. तेच सांगायला धावत आलो होतो..."

ती बघतच राहिली. "म्हणजे मी बोलले असते तरी चाललं असतं?"

"हो."

"आणि ती खुर्ची माझी होती?"

"हो..."

"आणि मी जगभरच्या लोकांसमोर ढगांतली बेटं म्हणाले!"

तिला हसू आवरेना. हसता हसता रडू आलं. आणि रडता रडता तिच्या लक्षात आलं की या माणसाने तिच्या एका अंदाजासाठी आपलं वर्षभराचं काम पणाला लावलं होतं.

"मी तुझ्या प्रेमात पडलोय," तो म्हणाला. शाईचे डाग पडलेली त्याची बोटं तिच्या हातावर आली, गार पडलेली. "तू वाटेल तितकं चुकत जा. मला रोज चालेल."

आतून मामा ओरडत होते, की खेळ सुरू होतोय, दोघांनाही मुद्दाम आमंत्रण द्यायचं का? दोघांनीही ऐकलं आणि दोघंही उठली नाहीत. धुक्यात समोरचा रस्ता, पलीकडची घरं, सगळं पांढरं झालं होतं. तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तो गरम होईपर्यंत सोडला नाही.