उभं वल्हं

आम्ही एव्हनला शोधायला निघालो होतो. तब्बल अकरा वर्षांनी! सप्टेंबरच्या वादळानं वॉलरस टोकापलीकडची वाळू उपसून काढली, आणि तिकडून उडत आलेल्या एका वैमानिकानं रेडिओवर सांगितलं, की वाळूतून एका होडीचं नाक वर आलंय, हिरवं. आमच्या अख्ख्या किनाऱ्यावर होडी हिरवी रंगवणारा वेडा एकच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको मॅट्रोना फावडं घेऊन माझ्या दारात उभी.

"ऑस्कर, हाडं मिळाली तर हाडं, नाहीतर बूट. काहीतरी पुरायला हवं मला. चर्चमागे त्याचा क्रूस उभा आहे आणि खाली नुसती माती."

"वारा बघितलास का?"

"वारा तू बघ. विमान तुझं आहे."

तिला नाही म्हणायची माझी छाती नव्हती. उन्हाळ्यात मी सामन मासे पकडतो. उरलेलं वर्षभर माझ्या दोन माणसांच्या विमानातून टपाल, डिझेल, आजारी म्हाताऱ्या, मिळेल ते वाहून नेतो. एव्हन माझा मासेमारीतला भागीदार. तो कसा गेला, हे गावात फक्त मला माहीत होतं.

ढग इतके खाली आले होते, की मी लाटांवरून जेमतेम दोन-तीन घरांच्या उंचीनं उडत होतो. मागच्या सीटवरून मॅट्रोनाची टकळी चालू होती.

"हे विमान आहे की मासळीचा डबा? धुतोस तरी कधी?"

"पाऊस धुतो."

"मग इंजिनही पाऊसच दुरुस्त करतो वाटतं!"

टोक ओलांडलं आणि हेडफोनमध्ये आवाज झाला. टक्. टक्.

आमच्याकडे होडीवाले आणि वैमानिक बोलत बसत नाहीत. रेडिओचं बटण दोनदा दाबलं की 'समजलं'. खाली एकही होडी नव्हती, वर दुसरं विमान नव्हतं. या किनाऱ्यावर आलो की अकरा वर्षं मला हे ऐकू येतं, आणि माझं डोकं फिरलंय असं मी स्वतःला समजावत आलोय.

"कोण रे ते?" मॅट्रोनानं विचारलं.

तिलाही ऐकू आलं होतं!

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या मे महिन्यात मी विमानातून हेरिंग माशांचे थवे शोधत होतो. रेडिओवर सगळ्यांचे कान टवकारलेले, म्हणून आम्ही दोघांनी एक खूण ठरवली होती. होडीतून वल्हं उभं धरलं की इथे मासा आहे, तोंड बंद ठेव आणि मोठी बोट घेऊन ये. त्या दुपारी एव्हननं वल्हं उभं धरलं. मी विमानाचे पंख हलवले, म्हणजे बोट घेऊन येतो. पण वाटेत त्याहून मोठा थवा दिसला आणि मोठ्या बोटीला मी तिकडे वळवलं. एव्हनचा मासा तासभर थांबेल, म्हटलं. मग धुकं आलं, पाठोपाठ वादळ आलं. त्याचं इंजिन बंद पडलं असेल, ते वल्हं मदतीसाठी असेल, हे मला फार उशिरा सुचलं. एव्हन त्या दिवशी दिसलाच नाही, असं मी गावात सांगितलं. मॅट्रोनालाही तेच सांगितलं.

"तो बघ!" ती ओरडली.

ओल्या वाळूत हिरवं नाक तिरपं उभं होतं.

मी चाकं वाळूला नुसती घासली आणि विमान पुन्हा वर उचललं. वळसा घेऊन चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या बघितल्या. चाकोरीत पाणी भरलं तर उतरायचं नाही, हा आमचा नियम. चाकोऱ्या कोरड्या होत्या. उतरलो. भरतीला तास-दीड तास होता.

आम्ही आळीपाळीनं खणत राहिलो. वाळू ढासळायची, पुन्हा खणायचो. बूट नाही, हाड नाही. मग मॅट्रोनाचं फावडं दोराला लागलं. दोर नाकावरच्या कडीला पक्का बांधलेला, आणि तिथून सरळ वाळूत खोल गेलेला. तिनं सगळी ताकद लावून ओढला. हलला नाही.

"नांगर टाकलाय," ती हळूच म्हणाली. "किनारा इथून हाकेवर. एक वल्हं असलं तरी माणूस पोचेल. नांगर टाकून का बसला हा?"

मी दोरावरची वाळू हातानं झटकू लागलो.

"कुणाची तरी वाट बघत होता, ऑस्कर. ज्यानं त्याला इथे बघितलं होतं, त्याची."

पंख हलवून मीच त्याला सांगितलं होतं, येतो म्हणून! आणि माझ्या शब्दावर विसंबून तो जागचा हलला नव्हता. मी तिथेच वाळूत बसलो आणि तिला सगळं सांगितलं. वल्हं, पंख, दुसरा थवा, खोटं.

तिनं फावडं उचललं आणि पुन्हा खणायला लागली.

मी मागे बघितलं. चाकोऱ्या चमकत होत्या. पाणी!

"मॅट्रोना, चल! भरती आली!"

"तू जा. तुला सवय आहे."

"विमान पलीकडच्या खड्यांच्या टेकाडावर ठेवतो आणि परत येतो."

"पंख हलवून त्यालाही हेच सांगितलं होतंस."

मी विमानाकडे पळालो. इंजिन गुरगुरलं, चाकं वाळूत रुतू लागली. पूर्ण जोर दिला! शेपूट उचललं गेलं, पाणी काचेवर उडालं, आणि कसाबसा सुटलो. टेकाड जेमतेम एका आगबोटीएवढं लांब. हेडफोनमध्ये पुन्हा टक्, टक्. "येतोय रे!" मी मोठ्यानं ओरडलो. चाकं आपटली, विमान नाकावर गेलं, नाकावरचा पंखा खड्यांवर घासून वाकला. पट्टा तोडल्यासारखा सोडला आणि धावत सुटलो.

टेकाड आणि होडी यांच्या मधल्या ओढ्याला कमरेपर्यंत पाणी चढलं होतं. बर्फासारखं! दोनदा पडलो. पोचलो तेव्हा मॅट्रोना होडीच्या नाकावर बसली होती आणि लाटा तिच्या गुडघ्यांना लागत होत्या. खणलेला खड्डा बुजून गेला होता. तिनं माझ्याकडे बघितलं. मग कमरेची सुरी काढून त्या दोराचा हातभर तुकडा कापला, कोटात ठेवला आणि माझी कॉलर धरली. ओढा आम्ही तसाच ओलांडला. मी तिला सावरत होतो की ती मला, देव जाणे.

टेकाडावरून बघता बघता हिरवं नाक पाण्याखाली गेलं. विमानातला रेडिओ अजून चालत होता. उद्याच्या ओहोटीला न्यायला येतो, असं गावातून कळवलं.

"हे गावात तू सांगायचंस," मॅट्रोना म्हणाली. "चर्चमध्ये, सगळ्यांसमोर. मी नाही सांगणार."

"सांगतो."

"आणि मी तुला माफ केलं असं समजू नकोस."

"नाही समजत."

तिनं पिशवीतून सुकवलेला सामन काढला. आमच्यात खाण्याआधी चिमूटभर गेलेल्यांसाठी जमिनीवर ठेवतात. आजवर एव्हनचा वाटा तीच ठेवत आली होती. तिनं तुकडा मोडला आणि माझ्या गारठलेल्या तळहातावर दिला.

"तू ठेव. तो तुझीच वाट बघतोय."

मी गुडघे टेकले, खड्यांमध्ये मासा ठेवला.

"एव्हन," मी म्हणालो, "आलो रे."