मंगलाच्या टोकनावर

सौंसरच्या जिनिंगमध्ये कॉम्प्युटर आला तो १९८८च्या हंगामात. आणला मालकानं, पण शालिकराम जिथंतिथं 'आपण आणला' असंच सांगायचा. सांगू द्या की! नागपूरला जाऊन ते यंत्र शिकलेला गावात दुसरा होता कोण? सरकीच्या गोदामाला लागून त्याला खोली दिली होती. चपला बाहेर काढायच्या, खिडकीला ओलं पोतं, आत पंखा. "देव बसवला का बे आतमंदी?" मुकादम सुखदेवराव चिडवायचे, आणि शालिकरामला ते मनातून आवडायचं.

काम तसं साधं होतं. शेडमध्ये हंगामापुरत्या बाया यायच्या, ढिगाशी बसून कापसातली पाती नि किडकी कवडी वेचायच्या. सकाळी पत्र्याचं टोकन घ्यायचं, संध्याकाळी भोंगा झाला की परत द्यायचं. शालिकरामचा प्रोग्राम दर टोकनामागं एक टेम्परवारी फाईल उघडायचा. टोकन परत आलं की दिवसभराचं काम पक्क्या फाईलीत जायचं आणि टेम्परवारी मिटून पुसली जायची. मधेच विजेची लाईन गेली तर उघड्या राहिलेल्या फाईलींचं काय करायचं, तेवढं लिहायचं राहिलं होतं. पाहू पुढं, म्हणून त्यानं ठेवून दिलं. आता सौंसरात लाईन जाणार नाही असं का त्याला वाटलं, देव जाणे.

दिवाळीनंतर एका दुपारी लाईन गेलीच. आल्यावर सुखदेवरावांनी बायांची टोकनं गोळा करून आणली, शालिकरामनं ती पुन्हा चढवली. नव्या फाईली जुन्यांवर बसल्या नि काम सुरू झालं. बोरगावची केसरबाई तेव्हा नळावर गेली होती. तिचं टोकन तेवढं राहून गेलं.

भोंगा झाला. बाया पदर झटकून उठल्या. केसरबाई उठली नाही.

ढीग तर कधीचा उचलला होता. ती रिकाम्या फरशीवरून वेचत होती. दोन बोटांनी काहीतरी उचलायची, डाव्या हाताला टाकायची, पुन्हा उचलायची. "मावशी, सुटी झाली न व! काय वेचून राहिली?" सुखदेवरावांनी खांदा हलवला. खांदा गरम होता, डोळे उघडे होते. तिचा लेक आला, चौघांनी मिळून ओढलं, तरी ती जागची हलली नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. मनाला धक्का बसला म्हणाले नि पिशवी उचलून गेले.

त्याच सकाळी शालिकरामला डिस्कवर तिची फाईल दिसली. प्रोग्राम बंद होता, तरी फाईल उघडी होती. दर वेळी पाहावं तर थोडी मोठी झालेली. काहीतरी बिघाड असेल असं म्हणून त्यानं ती पुसून टाकली.

शेडमधून बायांची ओरड आली. तो धावत गेला. केसरबाई बसली होती तिथं तिच्या चपला होत्या, आणि फरशीवर बसल्याची ऊब होती. उठून जाताना तिला कोणीही पाहिलं नव्हतं. लोकांनी कन्हान नदीचे डोह शोधले, बोरगावच्या विहिरी शोधल्या. ती काही सापडली नाही.

शालिकरामनं कोणाला काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय, कपाळ? घरी मात्र बायकोला बजावलं, "चंद्रकला, त्या शेडात पाय टाकशीन तर तुले माही शपथ हाये."

"मी कायले जातो बाप्पा?" ती हसली. "कापसानं मले खोकला येते."

प्रोग्राम सुधारायला तो अनेकदा बसला. पण उरलेल्या फाईली आपोआप पुसून टाक, असं यंत्राला सांगायची त्याची छाती होईना. त्यापेक्षा लाईन गेली की आपण स्वतः शेडमध्ये जायचं, एकेका बाईच्या हातून टोकन घ्यायचं, असं त्यानं ठरवलं. एकही सुटता कामा नये.

नेमकी तीच गोष्ट त्याच्या मुळावर आली.

शेजारच्या मंगलाकडं लेकीला पाहायला पाहुणे यायचे होते. गैरहजर राहिलं की टोकन दुसरीला जायचं, म्हणून बाया एकमेकींच्या बदली जात. मंगलाच्या टोकनावर त्या दिवशी चंद्रकला गेली. एका दिवसानं काय होते, असं दोघींचं ठरलं. दुपारी लाईन गेली आणि शालिकराम टोकनं गोळा करायला स्वतः शेडमध्ये आला. नवऱ्याला पाहताच चंद्रकला पदर ओढून ढिगाआड दडली.

"मंगला कुठं हाये?" त्यानं विचारलं.

"घरी गेली न भाऊ, पाहुणे येऊन राहिले तिच्याकडं," बाया म्हणाल्या नि तोंडाला पदर लावून हसल्या.

त्याला ते पटलं; जी शेडातच नाही ती अडकेल कशी? सकाळी मंगला अंगणात सडा टाकताना त्यानंच पाहिली होती.

भोंगा झाला तेव्हा हसणाऱ्या बायाच त्याला बोलवायला आल्या.

चंद्रकला रिकाम्या फरशीवरून वेचत होती.

"चंद्रकला! अवं, पाह्य न माह्याकडं!" तो तिच्यापुढं गुडघ्यांवर बसला. हात धरले. बोटं त्याच्या मुठीतही चालूच राहिली. तो ढसाढसा रडला, सगळ्यांदेखत.

मग खोलीत धावला. मंगलाच्या टोकनाची फाईल उघडी होती, वाढत होती. नवी चढवू गेला, तर यंत्र म्हणे फाईल वापरात आहे. मिटू गेला, तर ती उघडली त्या वेळचा प्रोग्राम लाईनीबरोबरच मेलेला. मिटणार कोण? पुसणं तेवढं त्याच्या हातात होतं.

डिस्क आधीच भरत आली होती. जागा कमी झाली तसा शेडमध्ये चंद्रकलाला श्वास लागू लागला. मंगला तिच्याजवळ बसून रडत होती. "भाऊजी, काही तरी करा न! तिले दम लागून राहिला."

शालिकरामनं मागच्या महिन्याचं काम पुसलं. श्वास सुधारला. थोड्या वेळानं पुन्हा लागला. त्यानं मालकाचा सारा हिशेब पुसला. मालक बोंबलेल तर बोंबलू दे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुसण्यासारखं काही उरलं नाही.

शेवटी त्यानं एक फ्लॉपी घेतली. निदान नक्कल तरी हाती राहावी. फाईल तिच्यावर कशीबशी मावली.

मूळ फाईल पुसायला बोट नेलं, आणि मागं घेतलं.

शेडमध्ये डोकावला. चंद्रकला वेचत होती. श्वास तुटत होता, पण चालू होता. घरी म्हाताऱ्या आईला काय सांगायचं, हा विचार करत तो फ्लॉपी खिशात घालून निघाला.

दार नुसतं लोटलेलं होतं. आई ओट्यावर जपमाळ घेऊन बसली होती. "सून मघाशीच आली," ती म्हणाली. "पण बोलत नाही बाप्पा. रागावला का तू तिच्यावर?"

तो आत गेला.

चुलीपुढं पाठमोरी चंद्रकला बसली होती. रिकाम्या जमिनीवरून वेचत होती.

त्यानं खिसा चाचपला. फ्लॉपी कोमट लागली.

"चंद्रकला," तो कसाबसा म्हणाला.

तिनं मान वळवली नाही. वेचता वेचता जराशी सरकली, आणि शेजारी एका माणसाला बसता येईल एवढी जागा करून दिली.