महाळुंगाच्या कापलेल्या फांद्या

"महाळुंगाच्या फांद्या कापणारा चोर घरातलाच आहे. माझा दीर!" रोपवाटिकेची मालकीण गुप्तहेर बाईकडे आल्या आल्या म्हणाली. "पोलिसांत जाण्याआधी फक्त पुरावा द्या."

महाळुंगाचं ते एकुलतं एक झाड तिच्या दिवंगत नवऱ्याने लावलं होतं. वाटणीवरून बिनसल्यापासून वहिनी-दिरांत अबोला होता.

गुप्तहेर बाई लगेच निघाली. मागोमाग तिचा नवरा, छत्री आणि शंका घेऊन.

झाडाच्या काही फांद्या तिरक्या, सफाईने कापल्या होत्या. नारळाएवढी, लिंबाच्या जातीची खडबडीत फळं मात्र जागच्या जागी. खाली पडलेल्या हिरव्या पानांना देठच नव्हते. बाईने बुंध्याशी रचलेला पाचोळा सारला. साल चिरली होती, डिंक ओघळत होता.

"अगं बाई! हे मी पाहिलंच नव्हतं," मालकीण पुटपुटली.

शेजारचा मुरंबेवाला उखडला. "मला फळाची साल लागते. फांद्यांचं काय लोणचं घालू?"

माळ्याने आपली कात्री पुढे केली. "हिने दोरा तुटला तरी नशीब!"

दीर आपल्या घराच्या दारातच म्हणाला, "वर्ष झालं, त्या बागेत पाऊल टाकलं नाही." दोघं वळली तसं त्याने हळूच विचारलं, "बुंध्याचा डिंक वाढला का हो?"

"किती काळजी बिचाऱ्याला!" वाटेत नवरा म्हणाला.

"अहो, डिंक पाचोळ्याखाली होता. याला दिसला कसा?"

संध्याकाळी ती मालकिणीला घेऊन पुन्हा त्याच दारात आली.

"फांद्या यांनीच कापल्या," ती म्हणाली. "पण चोराने फळं सोडली नसती. आणि पानं छाटून देठ फांदीवर कोण ठेवतं? ज्याला देठाजवळचा डोळा, म्हणजे नवी फांदी फुटते तो कोंब, जपून कलम करायचं असतं तो. झाड खालून सडतंय, हे यांनी ओळखलं. वरचे डोळे अजून निरोगी आहेत."

दिराने मान खाली घातली. "सांगायला आलो असतो, तर वहिनींनी दार उघडलं असतं?"

"नसतं उघडलं," मालकीण म्हणाली.

तो त्यांना परसात घेऊन गेला. लिंबाच्या रोपांवर महाळुंगाचे डोळे बांधले होते. दोन फुटलेही होते.

"दादाचं झाड असं डोळ्यांदेखत कसं जाऊ देणार?"

मालकिणीने पदराने डोळे टिपले. "भावोजी, मी तुम्हाला चोर म्हणत गावभर फिरले, आणि तुम्ही..." मग ती तिथेच मातीत बसली. "तुमचे उपकार कसे फेडू ते कळत नाही. आधी या रोपांना पाणी किती घालायचं, तेवढं सांगा."

गुप्तहेर बाईने नवऱ्याची बाही ओढली. "चला. आता आपलं इथे काही काम नाही."